केसपेपरवर एक रकाना वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. एमबीबीएसच्या पोरांना आयुर्वेद, होमिओपॅथी शिकवावी की नको यावर सगळीकडे वाद चाललाय म्हणून लिहितोय. मिक्सोपॅथी, म्हणजे एकाच डॉक्टरनं सगळ्या पॅथींची औषधं मिसळून देणं, मलाही नको, पण त्यांची माहिती शिकवायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

माझ्या आईचे गुडघे धरायचे. बाजारादिवशी एक माणूस पेपरच्या तुकड्यात बांधलेल्या पुड्या द्यायचा, आठ दिवसांत आई जिने चढायला लागली, आम्ही पण खूश. नंतर तोंड सुजलं, शुगर वाढली, आमच्या डॉक्टरांनी शुगरची गोळी वाढवली आणि दुसरं काय घेताय का हे एकदाही विचारलं नाही, आईनं पण ओरडतील म्हणून सांगितलं नाही. शेवटी अ‍ॅडमिट केलं तिथं एका इंटर्न पोरीनं खाटेवर बसून विचारलं, "आजी, काढा, पुडी, गावठी औषध काय चालू आहे का?" आईनं बटव्यातनं पुडी काढून तिच्या हातात दिली! त्यात स्टेरॉइड असणार असा तिथल्या डॉक्टरांचा अंदाज होता, आणि असं औषध एकदम बंद केलं तर जिवावर बेततं, म्हणून हळूहळू कमी करत आणलं.

आपल्या कोल्हापुरात तर तालमीतल्या पोराचा हात मोडला की आधी हाडवैद्य, मग एक्स-रे. पट्टी घट्ट बसली, बोटं गार आणि काळी पडायला लागली तर ती लगेच सोडायची, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं पाहिजे. रोज ज्येष्ठमध खाणाऱ्याचं पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, काही रसौषधांतनं, म्हणजे धातू घालून केलेल्या आयुर्वेदिक औषधांतनं, शिसं आणि पारा अंगात जातो, कारल्याचा रस आणि शुगरची गोळी एकत्र घेतली तर शुगर खाली जाऊ शकते, हे पेशंट सांगणार नाही, डॉक्टरलाच माहीत पाहिजे.

आणि सगळंच टाकाऊ नाही हो. सर्पगंधा बीपीवर चालते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी पेशंटवर तपासून 1949 मध्ये ब्रिटिश जर्नलमध्ये छापलं, तेव्हा जगानं मानलं. तसं तपासायचं कसं आणि जे टिकत नाही ते सोडायचं कसं, हेच शिकवा की.

2021 च्या नियमात इंटर्नशिपला आयुषचा, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचा, एक आठवडा आहे, पण तोवर पोरं पीजीच्या अभ्यासात बुडालेली असतात, ऐच्छिक आठवड्यात काय होणार? दुसऱ्या वर्षी वॉर्डात हिस्ट्री घ्यायला शिकवतात तेव्हाच हे घ्या. आणि केसपेपरवर तंबाखू, दारू लिहितात त्याच्या खाली "इतर औषधं" असा रकाना छापा, आणि तो न ओरडता भरून घ्या.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर