तुमच्या इमारतीत कोणी माजी सैनिक किंवा सैनिकाची पत्नी आहे का? आम्हाला कळवा

सप्रेम नमस्कार.

विक्रोळीतल्या कन्नमवार नगर, टागोर नगर आणि पार्कसाइटच्या तसंच पलीकडे कांजूर-भांडुपच्या सर्व रहिवाशांना आमच्या मंडळाची ही कळकळीची विनंती आहे. पैशांची मदतही हवी आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण सगळ्यात आधी आम्हाला हवी आहेत नावं. तुमच्या मजल्यावर, चाळीत, वाडीत राहणारे माजी सैनिक, त्यांच्या विधवा पत्नी, वीरपत्नी, वीरमाता कोण आहेत, एवढं आम्हाला सांगा.

ही माणसं शोधावी लागतात, हेच मुंबईचं दुखणं आहे. साताऱ्यात, कोल्हापुरात किंवा कोकणातल्या गावात फौजेतून आलेला माणूस कुठे राहतो ते शाळेतलं पोरही सांगेल. गावी त्याला सगळे ‘मेजर’ म्हणतात, मग हुद्दा शिपायाचा का असेना. तोच माणूस मुंबईत आला, कोणी गिरणीत लागला, कोणी बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहिला, कोणी बेस्टमध्ये गेला, की त्याची ती ओळख पुसली जाते. शेजाऱ्यांना तो फक्त तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणून माहीत असतो. तो गेल्यावर त्याच्या बायकोला तर कोणीच सैनिकाची पत्नी म्हणून ओळखत नाही. सरकारच्या योजना आहेत, कार्यालयं आहेत, निधीही आहे. पण त्या काकूंपर्यंत ते पोहोचवणारं माणूस मध्ये नाही. आमच्या मंडळाचं मदत केंद्र दर रविवारी नेमकं तेवढंच काम करतं.

काम कसलं असतं, ते एका उदाहरणावरून सांगतो. आमच्याकडे एक आजी आल्या. यजमान पायदळात नाईक होते. त्यांची काळी लोखंडी ट्रंक अजून घरात आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली. आत एका प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), पेन्शनची पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दोन पदकं आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा. कागद जपून ठेवलेले, घडीवर तेवढे फाटलेले. अडचण वेगळीच निघाली. पलटणीच्या रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव त्यांचं माहेरचं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, तेच पुढे रेशन कार्डावर, मतदार यादीत आणि आधारवर आलं. जन्मतारीख तर तिन्ही ठिकाणी तीन प्रकारची. यजमान होते तोवर हे कोणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज अडकला, कारण कागदावरची बाई आणि समोर बसलेली बाई एकच आहे, हे आधी सिद्ध करणं भाग होतं.

असं प्रकरण सुटतं, पण चिकाटी लागते. प्रतिज्ञापत्र करायचं, यजमानांचा मृत्यूचा दाखला जोडायचा, दोघांचा एकत्र फोटो शोधायचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळणी करून घ्यायची आणि सगळं रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पाठवून पाठपुरावा करत राहायचं. रेकॉर्ड ऑफिस कुठलं, ते पलटणीवर ठरतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या पलटणीचं, खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नौदलाच्या खलाशांचं काम आपल्या मानखुर्दच्या चिता कॅम्पमधूनच चालतं, हे विक्रोळीत राहणाऱ्या कित्येक नौसैनिकांच्या घरी माहीत नाही. पत्रव्यवहार बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत. सत्तरी ओलांडलेल्या, चौथी शिकलेल्या बाईनं हे एकटीनं कसं करायचं?

ज्यांचे यजमान अजून आहेत, त्यांना आमचं हात जोडून सांगणं आहे की दोघंही हयात असतानाच नावं आणि जन्मतारखा जुळवून घ्या. पुढचा सगळा त्रास वाचतो.

आता पेन्शन नसलेल्यांविषयी. ‘मला पेन्शन नाही, म्हणजे मी कशालाच पात्र नाही,’ असं समजून कितीतरी जण घरी बसलेले आहेत. हा समज खोटा आहे. पेन्शनला लागणारी वर्षं भरण्याआधीच मुदत संपून ज्यांना घरी पाठवलं, त्यांच्यातले बरेच जण सरकारच्या व्याख्येत माजी सैनिकच असतात. हवालदार किंवा नौदल-हवाई दलात त्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतचे, पेन्शन नसलेले, वयाची 65 वर्षं पूर्ण झालेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा, यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्युरी ग्रांट नावाचं मासिक अनुदान आहे. ते महिना 4,000 रुपये होतं. सरकारच्या निर्णयानं 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांसाठी ते 8,000 रुपये झालं. ज्या घरात दुसरी मिळकत नाही तिथे या रकमेतून औषधं येतात, दूध येतं. आमच्या मते सगळ्यात आधी या लोकांपर्यंत पोहोचायला हवं, कारण पेन्शनवाल्यांचं निदान कुठल्या तरी यादीत नाव असतं, यांचं तेही नसतं.

त्याच निर्णयात मुलांच्या शिक्षणाचं अनुदान प्रत्येक मुलामागे महिना 1,000 वरून 2,000 रुपये झालं. ते हवालदार हुद्द्यापर्यंतच्या कुटुंबांतल्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत मिळतं. मुलीच्या लग्नासाठीची मदत 50,000 वरून 1 लाख झाली. बारावीनंतर इंजिनीअरिंग, मेडिकल, बी.एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी आहे, मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500. तिचा अर्ज पहिल्या वर्षाला असतानाच करावा लागतो. दुसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही, म्हणून ज्यांच्या घरी यंदा बारावीचं पोर आहे त्यांनी आत्ताच येऊन भेटावं. नोकरी शोधणाऱ्या तरुण माजी सैनिकांसाठी राज्य शासनाच्या वर्ग तीन आणि चारच्या पदांत राखीव जागा आहेत. पुण्याच्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे, सुरक्षा रक्षकाच्या कामासाठी नोंदणीही करता येते. गावी घर असेल तर मालमत्ता करातल्या माफीसाठी राज्यानं 2020 मध्ये आणलेल्या माजी सैनिक सन्मान योजनेबद्दल ग्रामपंचायतीत जरूर विचारा.

आजारपणासाठी ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. 1 एप्रिल 2003 पासून ती चालू आहे आणि पेन्शनधारक सैनिक, त्यांच्या पत्नी आणि अवलंबितांना तिच्यातून उपचार मिळतात. तरी अजून कार्ड न काढलेली घरं आम्हाला भेटतात. ‘एकरकमी पैसे भरावे लागतात, कुठून आणायचे?’ हे कारण नेहमी ऐकू येतं. 1 जानेवारी 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना ती वर्गणी माफ आहे, युद्धविधवांनाही माफ आहे. जे खरोखर म्हातारे आहेत ते नेमके यातच बसतात, आणि त्यांनाच हे कोणी सांगितलेलं नसतं. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी एक गोष्ट दारामागे लिहून ठेवावी. तातडीच्या वेळी योजनेच्या यादीबाहेरच्या खासगी रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर 48 तासांच्या आत ईसीएचएस पॉलिक्लिनिकला कळवायचं. नाहीतर बिल मंजूर होताना फार ओढाताण होते.

हयातीच्या दाखल्यानं तर दर वर्षी डोळ्यांत पाणी येतं. सैन्याची पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येते आणि वर्षातून एकदा हयात असल्याची नोंद करावी लागते. ती राहिली की पेन्शन थांबते. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. माणूस समोर धडधडीत बसलेला असतो आणि यंत्र नाही म्हणतं. अशा वेळी ‘जीवन प्रमाण’ अॅपवर चेहरा दाखवून दाखला करता येतो, त्याला ठसा लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन थोड्या शुल्कात हे काम करतो. आमची मुलंही घरी येतात आणि काही घेत नाहीत.

दलालांपासून सावध राहा, हे मोठ्यानं सांगायला हवं. थकबाकी मिळवून देतो, त्यातले इतके टक्के द्या, असं म्हणणारी माणसं वस्तीत फिरतात. ‘स्पर्शमधून बोलतोय, ओटीपी सांगा,’ असे फोन येतात. ओटीपी कोणालाही सांगू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागायला दलाल लागत नाही. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर अशी दोन स्वतंत्र जिल्हा कार्यालयं आहेत. आपला भाग उपनगरात येतो.

आता आम्हाला काय हवं आहे, ते सांगतो.

माणसं हवीत. रविवारचे तीन तास देऊ शकणारे कॉलेजचे विद्यार्थी हवेत, ज्यांना अर्ज भरता येतो, कागद स्कॅन करता येतात आणि एकच गोष्ट आजोबांना चार वेळा न चिडता सांगता येते. बँकेतून, पोस्टातून, मंत्रालयातून निवृत्त झालेले लोक आले तर फार मोठा आधार होईल. सरकारी पत्र कसं लिहायचं, कोणत्या शब्दावर ते अडतं आणि कोणत्या पत्रानं फाइल हलते, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. प्रतिज्ञापत्रांसाठी महिन्यातून एखाद्या रविवारी बसणारे वकील हवेत. आणि ज्यांनी स्वतः फौजेत क्लार्कचं काम केलं आहे, असे निवृत्त हवालदार-सुभेदार या भागात असतील, तर त्यांनी कृपा करून पुढे यावं. पलटणीची भाषा त्यांना येते, आम्हाला अजून शिकावी लागते.

वस्तू हव्यात. चालू स्थितीतला लॅपटॉप, प्रिंटर, जुने नाजूक कागद फाटणार नाहीत असा सपाट काचेचा स्कॅनर, ठसे घेण्याचं यंत्र. झेरॉक्सच्या दुकानदारांनी रविवारी आमच्या चिठ्ठीवर प्रती मोफत काढून दिल्या, तरी मोठी मदत होईल.

पैसे हवेत आणि ते कशाला लागतात तेही सांगतो. स्पीड पोस्ट, स्टॅम्प पेपर, नोटरी, फोटो. सगळ्यात जास्त खर्च होतो प्रवासावर. कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात तपासणी असेल, तर गुडघे गेलेल्या माणसाला विक्रोळी स्टेशनच्या गर्दीतून लोकलनं नेता येत नाही, टॅक्सीच करावी लागते. पेन्शन अडकलेली असते तेवढ्या महिन्यांत काही घरांत किराणा आणि औषधं पोहोचवावी लागतात. कोणी एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा उचलला, कोणी एका फेरीचं टॅक्सीभाडं दिलं, तरी ते आम्हाला मोठंच आहे. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि महिन्याचा जमाखर्च मंडळाच्या फलकावर लागेल. मदत घेणाऱ्यांची नावं मात्र फलकावर लागणार नाहीत. ही माणसं मानी आहेत आणि त्यांचा मान राखणं आम्हाला बंधनकारक वाटतं.

आमच्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. ज्यांना मोठी रक्कम द्यायची आहे त्यांनी ती थेट सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत द्यावी, तिथे आयकराची सवलत आहे. 1949 पासून दर वर्षी 7 डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. शाळा-कार्यालयांत छातीला लावायचा तो छोटा ध्वज आपण सगळ्यांनी लावलेला आहे. वर सांगितलेली केंद्रीय सैनिक बोर्डाची अनुदानं त्याच निधीतून दिली जातात. आमच्या पेटीत थोडं आणि तिथे जास्त पडलं, तरी आम्हाला आनंदच आहे.

केंद्र दर रविवारी सकाळी दहा ते दुपारी एक मंडळाच्या कार्यालयात चालू असतं. येताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, आधार, बँक पासबुक आणि पत्नीची नोंद असलेला कोणताही जुना कागद आणा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो. कागद हरवले असतील तरी या. नंबर आणि पलटण आठवत असली तर तेवढ्यावरून सुरुवात करता येते, आणि तेही आठवत नसेल तर ट्रंकेच्या झाकणाचा, जुन्या पत्रावरच्या पत्त्याचा किंवा पदकाच्या कडेवर कोरलेल्या अक्षरांचा फोटो मोबाइलवर काढून आणा. कोणाला जिना उतरणं जमत नसेल तर त्यांना खाली आणू नका. मजला आणि खोली क्रमांक कळवा, आम्ही वर येऊ.