सोनारानेच कान टोचले

रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या चाचांना,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘बस, बस’ म्हणत फोन ठेवून देता. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. वाईतल्या तुमच्या जावईबापूंना सांगितलंय, ते वाचून दाखवतील.

इतरांसाठी थोडं सांगतो. आम्ही वाईजवळच्या धोम धरणाच्या जलाशयात जाळं टाकणारी माणसं. संस्थेनं सोडलेलं कटला, रोहू, मृगळाचं बी वाढतं, ते आम्ही धरतो. आमची कटकट मासा सापडत नाही ही नव्हती. धरणाच्या तळाशी जुन्या शेतांचे बांध आहेत, बाभळीची खुंटं आहेत, आणि नायलॉनचं जाळं त्यांत अडकलं की निम्मं तिथंच राहतं. तळ दिसावा एवढ्यासाठी मी फिशफाइंडर घ्यायचं ठरवलं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत येणाऱ्या आवाजावरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं सोनार मशीन. घरी सांगितलं, होडीला सोनार बसवणार. आई म्हणाली, “आधी बायकोच्या गळ्यात काहीतरी घाल, मग होडीला सोनार बघ.”

दुकानदारानं मशीनसोबत ब्राँझचा जाडजूड ट्रान्सड्यूसर दिला, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि परत आलेला ऐकणारा भाग. ५० किलोहर्ट्झचा, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजाचा, खोल समुद्रातला. जितका जड तितका चांगला, असं मीही समजलो. तळाला भोक पाडायची छाती झाली नाही, म्हणून होडीच्या आत मधोमध एम-सीलमध्ये दाबून बसवला. पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग. दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, तुमचं पाणीच गढूळ आहे.

मार्गशीर्षात तुम्ही लेकीकडे आला होता आणि सहज फिरत काठावर आलात. तुम्ही पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. होडीत वाकून बोटांच्या पेरांनी तळ ठोकत गेलात. मध्ये ‘ठक ठक’, कडेला ‘टण टण’. मग म्हणालात, “मध्ये फायबरच्या पोटात प्लायवूड आहे. फायबर एकसंध असेल तर आवाज पार जातो. लाकूड-फोम मध्ये आलं की त्यातल्या हवेत मरतो. आणि तुझ्या एम-सीलमध्ये बुडबुडे आहेत, ते वेगळंच.” गढूळ पाण्याचं सांगितल्यावर एवढे हसलात की काठावरची म्हैस बिचकली.

पुढचं बोलणं मात्र मला झोंबलं. “पैसे गेले तुझे. हा तुझ्या कामाचा नाही.” चार महिने मला कुणी हे स्पष्ट सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, जरा सेटिंग करून बघ.

तुम्ही वाळूत काडीनं त्रिकोण काढलेत, ते मी अजून मुलांना काढून दाखवतो. आवाज खाली जाताना सुपासारखा पसरतो. ५० किलोहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरचं सूप रुंद, ४५ अंशांच्या आसपास. २० मीटर पाण्यात तळावर सोळा-साडेसोळा मीटरचं वर्तुळ होतं, आणि त्यात कुठंही खुंट असलं तरी पडद्यावर ते होडीखालीच दिसतं. २०० किलोहर्ट्झचं २० अंशांचं सूप तेवढ्याच पाण्यात सात मीटरच व्यापतं. तो आवाज फार खोल जात नाही, पण आम्हाला शेकडो मीटर जायचंच कुठं आहे? मशीनच्या मेनूत दोन्ही आकडे होते. मी ते कधी उघडून पाहिले नव्हते.

पंधरा दिवसांनी तुम्ही रत्नागिरीहून प्लास्टिकच्या खोक्याचा, मागच्या फळीला लावायचा २०० चा ट्रान्सड्यूसर घेऊन आलात. ब्राँझवाला बदल्यात ठेवून घेतलात, वरचे पैसे घेतले नाहीत. मोबदला बरोबरीचा नव्हता, हे मला कळतंय चाचा.

मी लगेच ड्रिल काढलं, तर हातातून काढून घेतलंत. आधी बांबू. ट्रान्सड्यूसर बांबूला बांधून, मागच्या बाजूला चार ठिकाणी पाण्यात धरून, मला होडी चालवायला लावलीत. डावीकडे पडदा फुटत होता, उजवीकडे तळाची रेघ साफ. कारण सांगितलंत: आमच्या इंजिनाचा पंखा मागून बघितला तर घड्याळासारखा फिरतो, उजवीकडचं पातं खाली जातं, तिथं बुडबुडे कमी. पंख्यापासून हातभर लांब. तळाला जिथं उभी पट्टी आहे तिच्या मागे नाही, कारण पट्टी हवा ओढत आणते. तोंड तळाच्या तीन मिलिमीटर खाली आणि मागची कड किंचित खाली झुकलेली.

आणि ती फळी! मी थेट होडीला स्क्रू मारायला निघालो होतो. तुम्ही आधी प्लास्टिकची जाड फळी चिकटवलीत आणि ट्रान्सड्यूसर तिच्यावर बसवलात. जागा चुकली तर भोकं फळीला पडतील, होडीच्या आतलं लाकूड पाणी पिणार नाही. केबल लांब उरली म्हणून मी कात्री उचलली, तेव्हा दिलेली शिवी इथं लिहीत नाही. जादाची गुंडाळून बांधली आणि इंजिनाच्या वायरीपासून लांब, दुसऱ्या कडेनं नेली.

मेनूत पाणी ‘खारं’ होतं, ते ‘गोडं’ केलंत. आवाज खाऱ्या पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, गोड्यात १४८० च्या आसपास. २० मीटरला वीतभराचा फरक. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? तुम्ही नुसतं बघितलंत.

मला सगळ्यात आवडलं ते भोताचं. मी विचारलं होतं, ट्रान्सड्यूसरला हवेचा एवढा राग, तर मासा दिसतो कशानं? तुम्ही म्हणालात, “घोळ माशाचा भोत बघितलायस? सोन्याच्या भावानं जातो तो. माशाच्या पोटातली ती हवेची पिशवीच आवाज परत फेकते. हवा ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी आली की वैरी, माशाच्या पोटात असली की कंदील.” त्या दिवसापासून पडद्यावर माशाची कमान उमटली की आमचा पोरगा ओरडतो, “बाबा, कंदील!”

उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा पडद्यावर बघून वहीत टिपलेली खुंटं एकेक करून वर आली. अकरा टिपली होती, नऊ जिथं सांगितली तिथंच निघाली. दोन कुठं गेली, देव जाणे. पण या हंगामात जाळं एकदाच फाटलं, तेही काठावर कुत्र्यानं ओढलं म्हणून.

मासे पाठवत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, असं तुम्ही आमच्याच ताटावर बसून म्हणाला होता, ते बायको विसरलेली नाही. जावईबापूंकडे कंदी पेढे आणि हळद दिली आहे. महिन्याला ट्रान्सड्यूसरचं तोंड साबणाच्या पाण्यानं पुसतो, थिनर लावत नाही.

एक विचारायचं राहिलं. इंजिन पूर्ण वेगात सोडलं की मधेच रेघ तुटते, हळू केलं की जुळते. मला वाटतं तोंड अजून एखादा मिलिमीटर खाली घ्यावं लागेल. फळीवर दोन स्क्रूंची जागा शिल्लक आहे. मी हात लावलेला नाही. दिवाळीला लेकीकडे याल तेव्हा बघू. बांबू जपून ठेवलाय.

तुमचा,
धोमचा होडीवाला