हानाच्या रस्त्यावरचा न काढलेला पास: एक तक्रार पत्र

दिनांक: ७ एप्रिल २०२५
पुणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(परदेश सहली)

विषय: माउई बेटावरील हाना किनाऱ्याच्या एक दिवसाच्या सेल्फ-ड्राइव्ह सहलीत पैसे घेऊनही प्रवेश-आरक्षण न केल्याबद्दल आणि चुकीचा कार्यक्रम दिल्याबद्दल तक्रार

संदर्भ: २० जानेवारी २०२५ रोजी केलेले आमचे चौघांचे बुकिंग; आपला २६ मार्चचा ईमेल

महोदय / महोदया,

आपल्यामार्फत मी, माझे यजमान, माझी मुलगी आणि माझे वडील असे चौघे मार्च महिन्यात हवाईला जाऊन आलो. ओआहू बेटावरचे चार दिवस चांगले गेले. हॉटेल, विमानतळावरची गाडी, पर्ल हार्बरची भेट, सगळं ठरल्याप्रमाणे झालं आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती ११ मार्चच्या एका दिवसाची, म्हणजे काहुलुई ते हाना या किनाऱ्याच्या रस्त्याची. अडचण अशी की आमची सगळी सहल त्या एका दिवसासाठी आखलेली होती, आणि हे मी बुकिंगच्या वेळी आपल्या प्रतिनिधींना दोनदा सांगितलं होतं.

वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ७९ वर्षांचे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या शाळांत त्यांनी ३१ वर्षं भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की ते वर्गात काळ्या दगडाचा तुकडा घेऊन जायचे आणि मुलांच्या हातात द्यायचे. आपण ज्याच्यावर घरं बांधतो तो हा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता, हे सांगायचे. आणि मग सांगायचे की असाच दगड हवाईत अगदी ताजा बघायला मिळतो, समुद्रात शिरताना फुटतो, लाटा त्याचा चुरा करतात आणि किनाऱ्यावर काळी वाळू साठते. ती वाळू त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. नात कॅलिफोर्नियात नोकरीला लागली, तिने आजोबांना न्यायचं ठरवलं, आणि आपल्या माहितीपत्रकात 'वाइआनापानापा स्टेट पार्क, काळ्या वाळूचा किनारा, प्रवेश समाविष्ट' असं वाचून आम्ही आपल्याकडे बुकिंग केलं. चौघांच्या त्या दिवसाचे ५२,४०० रुपये भरले. त्यात 'प्रवेश शुल्क व पास' या नावाखाली ९,६०० रुपये वेगळे दाखवले आहेत. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: 'सकाळी ८ ला प्रस्थान. हाना ८४ किमी, दीड तास. ९.३० काळ्या वाळूचा किनारा.' आम्ही त्यावर विसंबून आठला निघालो. प्रत्यक्षात त्या रस्त्यावर सहाशेच्या वर वळणं आहेत आणि ५९ पूल, त्यांतले ४६ असे की एका वेळी एकाच बाजूची गाडी जाऊ शकते. समोरची गाडी पुलावर असेल तर आपण थांबायचं, ती गेली की आपण जायचं. मागे स्थानिक माणूस असेल तर कडेला घेऊन त्याला आधी जाऊ द्यायचं, कारण त्याला कामावर पोचायचं असतं. आंबेनळी घाट काही तास सलग चालवावा तसा हा प्रकार आहे. कुठेही न थांबता गेलं तरी अडीच-तीन तास लागतात. दीड तासाचा आकडा कुणीतरी अंतराला वेगाने भागून काढलेला आहे. त्या रस्त्यावर एकदा गेलेला माणूस तो लिहिणार नाही. खरी वेळ माहीत असती तर आम्ही पहाटे सहालाच निघालो असतो.

दुसरी गोष्ट मैलांच्या फलकांची. आपल्या पत्रिकेत प्रत्येक ठिकाण मैलाच्या आकड्याने दिलं आहे: केअनाए १६, काळी वाळू ३२. पण काहुलुईहून निघणारा रस्ता ३६ क्रमांकाचा आहे. तो पुढे ३६० क्रमांकाचा होतो आणि तिथे मैल पुन्हा शून्यापासून सुरू होतात. हे पत्रिकेत कुठेही नाही. पहिल्या रस्त्यावर १६ मैलांच्या आसपास पोचल्यावर आम्ही समुद्राकडे जाणारा फाटा शोधत अर्धा तास मागे-पुढे केलं. फोनला रेंज नव्हती. त्या रस्त्याच्या बहुतेक भागात ती नसतेच, आणि आपला सगळा नकाशा मात्र अशा लिंकवर होता जी इंटरनेटशिवाय उघडत नाही. अण्णांनी घरून निघताना पत्रिका छापून घेतली होती म्हणून निदान कागद तरी हातात होता. पाइआ सोडल्यावर हानापर्यंत पेट्रोल मिळत नाही, हेही आम्हाला पाइआतल्या एका दुकानदाराने सांगितलं. स्वच्छतागृहं कुठे आहेत याची एक ओळ पत्रिकेत नाही. ७९ वर्षांच्या माणसाला घेऊन जाताना हीच ओळ सगळ्यात आधी लागते. आम्हाला ते पुआआ काआच्या थांब्यावर, २२ व्या मैलापाशी, योगायोगाने सापडलं.

केअनाएला मात्र आम्ही थांबलो, आणि तिथला अर्धा तास अण्णा आजही सांगतात. लाव्हाने समुद्रात पुढे सरकून तयार केलेली ती सपाट जमीन, तिच्यावर पाणी भरलेल्या खाचरांत लावलेलं कालो. अण्णा गाडीतून उतरले, बांधावर वाकले, पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा तर अळू!" खरोखरच तीच वनस्पती. बाजूला १८६० सालचं दगडी चर्च आहे. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीने ती वस्ती धुऊन नेली तेव्हा ते उभं राहिलं. पलीकडे काळ्या खडकांवर लाटा फुटत होत्या आणि तुषार आमच्या चष्म्यांवर येत होते. आम्ही तिथे अजून बसलो असतो, पण पत्रिकेप्रमाणे आम्ही आधीच तीन तास मागे होतो आणि पुढे काळी वाळू होती.

दुपारी पाऊण वाजता आम्ही वाइआनापानापाच्या फाटकाशी पोचलो. तिथल्या बाईंनी आरक्षणाचा कोड मागितला. मुलीने आपलं व्हाउचर दाखवलं. त्यावर आपलं बोधचिन्ह आहे, आमची नावं आहेत आणि 'प्रवेश समाविष्ट' हे शब्द आहेत. कोड नाही. त्या बाईंनी ते नीट वाचलं, त्यांच्या यादीत गाडीचा नंबर शोधला, आमची चारही नावं शोधली, आणि मग अतिशय सौजन्याने सांगितलं की आरक्षण झालेलंच नाही. त्या दिवसाचं आरक्षण त्या दिवशी मिळत नाही, आदल्या दिवसापर्यंतच करावं लागतं. त्यांचं काहीही चुकलं नाही. मागे गाड्या थांबलेल्या होत्या.

मी मागच्या सीटवर अण्णांच्या शेजारी होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढून हातात धरलं होतं. ते शाळेतलं जुनं, पितळी कड्याचं भिंग त्यांनी साताऱ्याहून त्या वाळूचे कण बघण्यासाठी आणलं होतं. वाळू उचलून आणायची नाही हे त्यांना माहीत होतं, त्यांना फक्त बघायची होती. मुलगी गाडी वळवायला लागली तेव्हा त्यांनी भिंग रुमालात गुंडाळून परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, "जाऊ दे गं. पुस्तकात आहेच की." फाटकापासून समुद्र दिसत नाही. आम्ही तिथून परत फिरलो.

हाना गावात रेंज आल्यावर दुपारी दीडला मी आपल्या '२४ तास मदतवाहिनी'ला फोन केला. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच वाजले होते. कार्यालयीन वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७ असल्याची ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली आणि फोन बंद झाला. हवाई आणि भारत यांच्या वेळेत साडेपंधरा तासांचा फरक आहे. सकाळी निघालेल्या प्रवाशाला दिवसभरात जी काही अडचण येईल ती आपल्या मध्यरात्री किंवा पहाटेच येणार. तिथे प्रवासी पाठवायचे तर त्या वेळी फोन उचलणारा माणूस असायला हवा.

पुढचा कार्यक्रम होता हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाचा किपाहुलूचा भाग, आणि तिथून 'दक्षिण किनाऱ्याने गोल फिरून परत'. हा गोल रस्ता घेऊ नये म्हणून गाडी देणाऱ्या काउंटरवरच्या मुलाने करारातल्या एका कलमाभोवती पेनाने गोल करून दिला होता. त्या रस्त्याचे काही तुकडे डांबरी नाहीत, आणि तिथे गाडीचं नुकसान झालं तर करारानुसार सगळा खर्च आमच्यावर आला असता. गाडी आपणच ठरवली, करारही आपल्यामार्फतच झाला, आणि आपलीच पत्रिका तो करार मोडायला सांगते. आल्या वाटेनेच परतायचं आणि अंधाराच्या आत वळणं संपवायची म्हणून आम्ही किपाहुलू सोडून सव्वातीनला हानाहून निघालो. त्या उद्यानाचा पासही आम्हाला दिलेला नव्हता.

परत आल्यावर मी आपल्याला १८ मार्चला लिहिलं. २६ मार्चला तीन ओळींचं उत्तर आलं: 'स्थानिक प्रशासनाने ऐनवेळी नियम बदलल्याने प्रवेश मिळू शकला नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. परताव्याची तरतूद नाही.' या उत्तराने मला त्या दिवसापेक्षा जास्त दुखावलं, कारण ते खरं नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी वाइआनापानापाला आरक्षणाचा नियम मार्च २०२१ पासून आहे. चार वर्षं झाली त्याला. आरक्षण ३० दिवस आधी खुलं होतं. म्हणजे आमच्या तारखेसाठी ९ फेब्रुवारीपासून १० मार्चपर्यंत रोज ते करता आलं असतं. गाडीचे १० डॉलर आणि माणशी ५, असे चौघांचे ३० डॉलर. राष्ट्रीय उद्यानाचा पास गाडीमागे ३० डॉलर. दोन्ही मिळून ६० डॉलर, म्हणजे सव्वापाच हजार रुपयांच्या आसपास. आपण आमच्याकडून ९,६०० घेतले आणि दोन्हींपैकी एकही पास काढला नाही. चूक होऊ शकते. आपल्या कार्यालयातल्या एखाद्याच्या हातून हे काम राहून गेलं असेल, तर तसं लिहिलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. दोष मात्र तिथल्या प्रशासनावर टाकला गेला, आणि हे मी मान्य करणार नाही.

माझं म्हणणं असं आहे. पासांचे ९,६०० रुपये पूर्ण परत करावेत, कारण ती सेवा दिलीच गेली नाही. उरलेल्या ४२,८०० रुपयांपैकी गाडीचं प्रत्यक्ष भाडं वजा करावं, त्याचा हिशोब मला कागदोपत्री द्यावा आणि बाकीची रक्कम परत करावी. २६ मार्चच्या ईमेलमधलं कारण लेखी मागे घ्यावं आणि खरं काय झालं ते लिहावं. ते पत्र माझ्या नावाने नको, अण्णांच्या नावाने, मराठीत, टपालाने साताऱ्याच्या पत्त्यावर पाठवावं. पत्ता आपल्याकडच्या बुकिंग अर्जावर आहे.

आणखी एक, आणि हे मी पैशांपेक्षा निकडीचं समजते. हीच पत्रिका, तोच दीड तास, तोच गोल रस्ता, आजही आपल्या संकेतस्थळावर आहे. मे महिन्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटाला ती दिली जाणार असल्याचं आपल्या प्रतिनिधींनी मला फोनवर सांगितलं. त्या गटाची आरक्षणं आत्ताच बघा. निघण्याची वेळ सहाची करा. मैलांचे फलक कुठून पुन्हा सुरू होतात, पेट्रोल कुठे भरायचं, स्वच्छतागृह कुठे आहे, हे मोठ्या अक्षरांत छापून हातात द्या. दक्षिणेचा रस्ता पत्रिकेतून काढून टाका. मी केलेल्या टिपणांची प्रत सोबत पाठवत आहे, ती वापरायला माझी काही हरकत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, याची मी माहिती घेतली आहे. तिथवर जाण्याची माझी इच्छा नाही, पण तयारी आहे.

कळावे,

आपली,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत: १) बिलाची प्रत २) 'प्रवेश समाविष्ट' लिहिलेले व्हाउचर ३) कार्यक्रमपत्रिका, चुकांच्या जागी खुणा करून ४) गाडीच्या करारातील संबंधित पान ५) आपला २६ मार्चचा ईमेल ६) रस्त्याची टिपणे, अण्णांच्या अक्षरात, ४ पाने