आई, दिवा बाबांना लावू दे

दिमोना, इस्रायल, बुधवार

प्रिय आई-बाबा,

शालोम.

आई, तू शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा (आपल्या ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याचा) दिवा लावायला अजून स्टुलावर चढतेस हे फोनवर ऐकलं आणि जिवाला घोर लागलाय. गुडघ्यांची ही अवस्था, हात थरथरतो, त्यात पेटती काडी. आजीने तो काचेचा दिवा आढ्याला टांगला होता, म्हणून तो तिथेच राहायला हवा असं कुठे आहे? दादाकडून खाली काढून घे आणि टेबलावर ठेव. तेच तळाला पाणी, वर खोबरेल, तीच वात.

तेलाचंही मनाला लावून घेऊ नकोस. ऑलिव्हचंच तेल हवं, असं तुला कुणी सांगितलं म्हणालीस. हा वाद मिश्नाच्या, आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथाच्या, काळातला आहे. धर्मगुरू रब्बी तार्फोन ऑलिव्हवर अडून बसले होते, पण इतर विद्वानांनी तिळाचं, अगदी माशाचं तेलसुद्धा चालतं असं ठरवलं. आपल्या बेने इस्रायल माणसांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. त्यांनी ऑलिव्ह कुठून आणलं असतं? खोबरेल घाल आणि निर्धास्त राहा.

बाबा, आता तुम्हाला सांगते. दिव्याचा पहिला मान घरच्या बाईचा, हे खरंच. पण बंधन पुरुषावरही आहे, शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथात तसं स्पष्ट लिहिलंय. एकट्या राहणाऱ्या पुरुषाने तर स्वतःच लावायचा. आईला उभं राहवत नसेल त्या शुक्रवारी मागेन आबोथ सिनेगॉगला निघण्याआधी तुम्ही लावा. सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधीची वेळ धरा. (यरुशलेममध्ये ४० मिनिटं आधीच लावतात, भोंगा वाजतो.) आई आधी वाती पेटवते आणि मग डोळे झाकून बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणते, ते उगाच नाही. बराखा म्हटला की तिचा शब्बाथ लागला, मग विस्तवाला हात लावायचा नाही.

आई, हे वाचून तू रुसशील, मला माहीत आहे. इतकी वर्षं हा दिवा तुझाच होता. म्हणून म्हणते, बाबा लावतील तेव्हा तू शेजारी खुर्चीवर बस आणि आमेन म्हण. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या प्याल्यावरच्या प्रार्थनेसाठी, काळ्या मनुकांचं सरबत मात्र तूच कर, बाबांना ते जमायचं नाही.

दादाला स्टूल माळ्यावर टाकायला सांगितलंय. तुमच्याकडे दिवे लागतात तेव्हा इथे अजून दुपार असते, म्हणून शुक्रवारी त्याआधीच फोन करीन. बाबा, तेव्हा काडेपेटी जवळ घेऊन बसा.

तुमची लेक