आतली कडी

सेलूजवळून, जि. वर्धा
२२ जून

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा मी टिनावर बसलो होतो आणि तोंडात खिळे होते. म्हणून उचलला नाही. आता बसून लिहितो.

आपल्या गावचा ढोरकी आठवतो ना? आखरावर ढोरं गोळा करायचा, परतताना आपल्यासाठी धोतराच्या सोग्यात बोरं आणायचा. मागच्या पावसाळ्यात त्याच्या घराची मातीची भिंत बसली. तेव्हापासून एसटीच्या थांब्यावर झोपत होता. घरकुलाचं सरकारी अनुदान मिळालं असतं, पण जागा नावावर नाही; भिंत त्याची, जमीन दुसऱ्याची. जागेसाठीही अर्थसाहाय्य मिळतं, तो अर्ज मीच भरून दिला. त्याचं होईल तेव्हा होईल. मृग तोंडावर होता, म्हणून आमच्याच वावरात, विहिरीजवळ, आठ बाय दहाची खोली उभी करायला घेतली.

लाकूड पडक्या गोठ्याचं. आबांच्या वेळचं सागवान, रंधा मारला तर आतून अजून पिवळं! बांबू धुऱ्यावरचा. २०१७ पासून शेतातला बांबू कायद्यानं झाडात मोडत नाही, त्यामुळे तोडायची कटकट नाही.

मग मी माती खाल्ली, आणि तीही काळी. दोन फूट खड्डे घेऊन खांब सरळ पुरले. जूनच्या पहिल्या सरीनंतर एक कोपरा चार बोटं कलला. काळी माती उन्हात भेगाळते, पाण्यानं फुगते, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी सांगायचं? म्हातारा ढोरकी बिडी ओढत बघत होता. म्हणे, "भाऊ, मुरूम लागेलोक खंदा लागते नं." आधी सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणे, "तुमी शिकेल मानसं."

साडेतीन फुटांवर मुरूम लागला. दगड भरून वर चपटी फाडी बसवली आणि खांब तिच्यावर उभे केले, बुडाला जळकं ऑइल फासून. उधईनं, म्हणजे वाळवीनं, यायचं तर आता दगडावरून, दिसेल अशी यावं. भिंती कुडाच्या, वर शेणमातीचं लिंपण. वर कवेलू, म्हणजे कौलं, घालायची फार इच्छा होती, पण ती फोडणारी आपल्याकडची वानरं तुला माहीतच आहेत. म्हणून टिन, आणि खाली वीतभर पोकळी सोडून बांबूचा तट्टा. दुपारी फरक कळतो. पश्चिमेला मात्र खिडकी ठेवली नाही, झड तिकडूनच येते.

दाराला मी मोठ्या हौसेनं बाहेरून कोयंडा बसवला होता. त्याला विचारलं, अजून काही पाहिजे का? तर म्हणाला, "आतून कडी लावून द्या. बाहेरून कायले? माह्यापाशी हाय काय?" थांब्यावर एकदा झोपेतच कोणी अंगावरचं घोंगडं ओढून नेलं होतं, हे तेव्हा कळलं. कडी लावली. मग तो चटईवर आडवा झाला, हात लांबवला आणि म्हणाला, "इथं पायजे." गुडघे दुखतात, रात्री उठवत नाही. काढली आणि जमिनीपासून हातभर उंचीवर ठोकली. सात-आठ वेळा लावून काढून पाहिली त्यानं.

पोळ्याला येशील तेव्हा पितळी कडी घेऊन ये. ही लोखंडी पावसात गंजून अडकली, परवा सकाळी तो आतच अडकला. मी खिडकीतून हात घालून हातोडीनं ठोकतोय आणि आतून हा म्हणतो, "हळू भाऊ, तुटन."

तुझा,
वावरातला सुतार