सीएएच असलेल्या मुलांच्या कुटुंबीयांना आवाहन : जनुकीय संशोधनासाठी आईवडिलांनी आणि भावंडांनीही नाव नोंदवावे

सीएएच, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात विकार, घेऊन वाढणाऱ्या मुलांच्या पालकांना, आजी-आजोबांना आणि भावंडांना आमच्या पालक मंडळाचा सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दिवस एकाच कामाने सुरू होतो. स्टीलच्या ताटलीत हायड्रोकॉर्टिसोनची, म्हणजे शरीरात कमी पडणाऱ्या संप्रेरकाची भरपाई करणारी, गोळी ठेवायची, ब्लेडने तिचे चार तुकडे करायचे, त्यातला एक चमच्यात कुस्करून पाण्यात कालवायचा आणि बाळाच्या गालात हळूच सोडायचा. दुपारी पुन्हा तेच, रात्री पुन्हा तेच. ताप आला की मात्रा वाढवायची, उलट्या थांबेनात तर इंजेक्शन घेऊन दवाखाना गाठायचा, हे सारे आपण शिकलो. मात्र आपल्या मुलाच्या जनुकात नेमका कोणता दोष आहे, असे विचारले तर मंडळातील बहुतेक पालकांना उत्तर देता येत नाही. काहींची ती तपासणी झालेलीच नाही, आणि ज्यांची झाली त्यांच्या घरी फक्त मुलाचे रक्त घेतले गेले. आईवडिलांचे रक्त का हवे, हे सांगण्यासाठी हे आवाहन आहे.

सीएएचच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये २१-हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर (एन्झाइम) कमी पडते. त्यामुळे कॉर्टिसोल हे आवश्यक संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, अनेकांच्या शरीरात मीठ टिकत नाही आणि पुरुषी संप्रेरके मात्र वाजवीपेक्षा जास्त तयार होतात. या विकराचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असते, आणि त्याच्या शेजारीच जवळजवळ हुबेहूब दिसणारे पण निकामी असे दुसरे जनुक असते. या दोहोंमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, कधी जनुकाचा मोठा भाग गळूनच जातो, आणि म्हणून तपासणीचा निकाल वाचणे अवघड होते. मुलामध्ये दोन दोष सापडले, तर ते दोन्ही एकाच पालकाकडून एकाच गुणसूत्रावर आले की एक आईकडून आणि एक वडिलांकडून आला, हे नेहमीच्या तपासणीत मुलाच्या रक्तावरून खात्रीने सांगता येत नाही. त्याचप्रमाणे एकच दोष जनुकाच्या, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रतींत असल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात एक प्रत अस्तित्वातच नसते, असेही घडते. आईवडिलांचे नमुने शेजारी ठेवले की हा गुंता सुटतो.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते, कारण तिच्यामुळे आमच्या कितीतरी मातांनी वर्षानुवर्षे बोल सोसले आहेत. हा विकार एकट्या आईच्या बाजूने 'आलेला' नसतो. दोघेही पालक एकेक सदोष प्रत बाळगून असतात, स्वतः पूर्ण निरोगी असतात, आणि प्रत्येक गर्भारपणात बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची चाचणी झाली, तेव्हा सीएएचचे प्रमाण ५,७६२ बालकांत एक इतके आढळले. ढोबळ गणित मांडले तर सुमारे ३८ माणसांमागे एक वाहक, म्हणजे एक सदोष प्रत बाळगणारी निरोगी व्यक्ती, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे एखाद्या लग्नाच्या पंगतीतही चार-पाच वाहक सहज जेवून जात असतील. याच अभ्यासात चेन्नईतील प्रमाण मुंबईपेक्षा कितीतरी जास्त दिसले. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत हे त्यामागचे एक कारण असू शकेल, पण अंदाज आणि पुरावा यांत अंतर असते आणि ते अंतर कुटुंबांच्या सहभागाशिवाय कमी होणार नाही.

आमच्या एका सदस्य कुटुंबातील पहिला मुलगा अठराव्या दिवशी गेला. जुलाब-उलट्यांवर उपचार झाले, परंतु सोडियम आणि पोटॅशियम वेळेत तपासले गेले नाही. मुलग्यांमध्ये बाहेरून काहीच वेगळे दिसत नसल्याने असे घडते. त्या माउलीने बाळाची एक पानी फाइल अजून पिशवीत जपून ठेवली आहे. असे कागद कृपया टाकून देऊ नयेत. वंशावळ मांडताना त्यांचे मोल फार असते.

नैतिकता समितीची मान्यता असलेल्या अभ्यासांनाच कळवण्यासाठी मंडळ इच्छुक कुटुंबांची यादी करत आहे. सहभागी होणाऱ्यांना जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडे रक्त द्यावे लागते आणि घराण्याची माहिती सांगावी लागते. सही करण्यापूर्वी निकाल आपल्याला कळवणार का, नमुना किती काळ ठेवणार, पुढे तो इतर कोणाला देणार का, हे अवश्य विचारावे. नमुन्यांतून नातेसंबंधांविषयी अनपेक्षित माहिती निघू शकते, त्याबाबतचे धोरणही आधीच समजून घ्यावे. वर उल्लेखलेल्या आयुर्विज्ञान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येते आणि त्याचा चालू उपचारांवर परिणाम होता कामा नये.

आमच्या मोठ्या झालेल्या मुलींपैकी काहींना लहानपणी विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर पुन्हा पुन्हा तपासले गेले, आणि ते त्या विसरलेल्या नाहीत. रक्त देण्यासाठी अशा तपासणीची गरज नसते. मुलीने नको म्हटले, तर तिचा शब्द अखेरचा मानावा, अशी अट मंडळ प्रत्येक संशोधकापुढे ठेवणार आहे.

या सहभागामुळे उद्या गोळी बंद होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तथापि धाकट्या भावंडाचे नियोजन करणाऱ्या जोडप्याला, किंवा लग्न ठरलेल्या बहिणीला, आज जे उत्तर मिळत नाही ते मिळण्याची वाट यातूनच निघेल.

ज्यांना नमुना देता येणार नाही, त्यांनी प्रवासनिधीला हातभार लावावा. गावाकडून येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला एसटीचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी परवडत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी वडील मागे राहतात व अभ्यास अर्धवट राहतो. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि हिशेब मासिक बैठकीत वाचला जाईल.

नावनोंदणी त्याच बैठकीत चिटणीसांकडे करावी. जुन्या फाइली, १७-ओएचपीचे (सीएएचच्या निदानासाठी रक्तात मोजल्या जाणाऱ्या संप्रेरकाचे) अहवाल आणि शक्य असल्यास आजी-आजोबांनाही सोबत आणावे. नमुना देण्याच्या दिवशी सकाळची गोळी नेहमीच्या वेळी द्यावी आणि मुलांना पोटभर खाऊ घालून आणावे. जनुकाच्या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही आणि औषधही थांबवावे लागत नाही.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ