चेहरा बदलू द्या, हिशेब चुकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'डॉक्टर हू' आणि 'स्टार ट्रेक'मधल्या बदलत्या कलाकारांवरून वाचकांची चांगलीच जुंपली आहे. एका गटाचे म्हणणे, नवा नट आला की जुनी कथा खोटी पडते. दुसरा गट म्हणतो, करमणूकच आहे, तिचा एवढा कीस कशाला? आमच्या मते कीस काढायला काहीच हरकत नाही, फक्त चेहऱ्याचा काढून हाती काही लागत नाही. या मालिका अडखळल्या आहेत त्या आधी सांगितलेली गोष्ट पुढे विसरल्यामुळे, आणि ती उदाहरणे या वादात अजून कोणी काढलेलीच नाहीत.

'डॉक्टर हू' ही काळात फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवासी प्रवाशाची मालिका. २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर ती सुरू झाली तेव्हा डॉक्टर होते विल्यम हार्टनेल. त्यांची प्रकृती साथ देईना. म्हणून ऑक्टोबर १९६६मध्ये 'द टेन्थ प्लॅनेट'च्या शेवटी डॉक्टर यानात जमिनीवर कोसळतो, चेहऱ्यावर पांढराशुभ्र उजेड पसरतो आणि तो ओसरल्यावर तिथे पॅट्रिक ट्राउटन दिसतात. या प्रकाराला तेव्हा धड नावही नव्हते. मरणाच्या वेळी असा नवा देह धारण करण्याला 'रीजनरेशन' हा शब्द मालिकेत आला १९७४मध्ये. खरी कारागिरी आहे ती लगेच पुढच्या कथेत, 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स'मध्ये. सोबतचा बेन जुन्या डॉक्टरची अंगठी पुढे करतो : तू तोच असशील तर ही तुझ्या बोटात बसायला हवी. ती बसत नाही. नवा डॉक्टर उलट विचारतो, पंख पसरल्यावर फुलपाखरू पुन्हा कोषात मावेल का? बेनचे समाधान होत नाही, प्रेक्षकाचेही नाही. मग डॉक्टरच्या जुन्या शत्रूंपैकी एक डॅलेक या अनोळखी चेहऱ्याकडे बघतो आणि त्याला ओळखतो. प्रेक्षकाची शंका कथेतल्याच माणसाच्या तोंडी घालायची आणि निकाल मात्र शत्रूकडून लावून घ्यायचा! कलाकार बदलण्याची याहून चोख रीत आम्हाला माहीत नाही. (या कथेच्या सहाही भागांचे मूळ चित्रीकरण आज उपलब्ध नाही, हे दुर्दैव.)

याच मालिकेतल्या ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्टचे उदाहरण घ्या. नट पहिल्यापासून एकच, निकोलस कोर्टनी. १९७५च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मध्ये डॉक्टरची सोबतीण सारा जेन सांगते की ती १९८० सालातून आली आहे. तिच्या काळात ब्रिगेडियर नोकरीत आहे, युनिट या लष्करी पथकाचा प्रमुख आहे. पुढे १९८३च्या 'मॉड्रिन अनडेड'मध्ये तोच ब्रिगेडियर १९७६ला निवृत्त होऊन १९७७मध्ये एका शाळेत गणित शिकवताना दिसतो. आता बसवा मेळ. चाळीस वर्षे लोक बसवताहेत, बसलेला नाही. चेहरा बदलला नाही, आवाज बदलला नाही, मिशीही तीच. तुटले ते साल.

डॉक्टरला बाराच वेळा रीजनरेशन करता येते, या मर्यादेवर एका पत्रलेखकाने 'मनाला येईल तसे आकडे बदलले' असा आरोप केला आहे. तो निम्माच खरा. मर्यादा आली १९७६च्या 'द डेडली असॅसिन'मध्ये, आणि ती डॉक्टरसाठी आणलेलीच नव्हती. 'मास्टर'ची भूमिका करणारे रॉजर डेलगॅडो १९७३मध्ये अपघातात गेले होते. खलनायक परत आणायचा, तर त्याला मरणाच्या दारात उभे करणारे कारण हवे होते. म्हणून नियम केला : बारा बदल, म्हणजे तेरा देह, त्यापुढे काही नाही. एका कथेची सोय म्हणून केलेला नियम मग पुढची ३७ वर्षे सगळ्यांच्या मानेवर बसला. २०१३च्या नाताळात त्याचा हिशेब चुकता केला तो असा. मॅट स्मिथ हा अकरावा, म्हणजे बदल झाले दहा. जॉन हर्टचा 'वॉर डॉक्टर' मध्ये शिरला, अकरा झाले. दहावा डॉक्टर डेव्हिड टेनंट याने २००८मध्ये रीजनरेशन सुरू होऊनही जुनाच चेहरा राखला होता. तो मोजला की बारा. कोटा संपला आणि टाइम लॉर्ड या डॉक्टरच्याच जमातीच्या मंडळींनी नवा कोटा बहाल केला. मोजणी थोडी ओढूनताणून आहे, पण आहे. पत्रलेखकाचा राग खरे तर २०२०च्या 'द टाइमलेस चिल्ड्रन'वर निघायला हवा होता. हार्टनेलच्याही आधी डॉक्टरला कित्येक देह होते असे तिथे सांगितले आणि ही सगळी आकडेमोड पाण्यात गेली.

'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या मालिकेकडे असली जादू नाही, म्हणून तिथे बहुतेक वेळा गुळणी धरतात. १९८२च्या दुसऱ्या चित्रपटात साविकची भूमिका कर्स्टी अ‍ॅलीची, १९८४च्या तिसऱ्यात रॉबिन कर्टिसची. कुणी एका शब्दाने उल्लेख करत नाही. आपल्याकडच्या मालिकांत 'आजपासून या भूमिकेत' अशी पट्टी तरी फिरते! तरीही आम्हाला हे गप्प राहणे पुष्कळदा बरे वाटते. कारण क्लिंगॉन या परग्रही जमातीच्या कपाळाचे काय झाले ते पाहा. १९६०च्या दशकात ती कपाळे सपाट होती. १९७९च्या चित्रपटात पैसा आला आणि त्यांवर हाडांचे कंगोरे आले. १९९६मध्ये 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिकेने नायकांना जुन्या एपिसोडमध्ये नेऊन उभे केले, तेव्हा त्यातला क्लिंगॉन वॉर्फ एवढेच म्हणतो की हा विषय आम्ही परक्यांसमोर काढत नाही. तिथेच थांबायला हवे होते. २००५मध्ये 'एंटरप्राइज' या आणखी एका मालिकेने विषाणूची साथ आणून दोन एपिसोड खर्ची घातले. त्यातून नवाच प्रश्न निघाला. १९९४च्या 'ब्लड ओथ'मध्ये कांग, कोलोथ आणि कोर हे तिघे जुने क्लिंगॉन त्याच तीन नटांसह परत आले होते, पण कपाळावर कंगोरे घेऊन! नट तेच, चेहरे निराळे. 'नवा चेहरा म्हणजे नवी व्यक्ती' म्हणणाऱ्यांनी या तिघांची वासलात कशी लावायची ते कळवावे.

वेरूळला १४, १६, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत कैलास हलवणारा रावण आहे. घडवणारे हात वेगळे, चेहरे वेगळे. डोंगराखाली अडकलेला अनेक हातांचा रावण आणि वर बसलेले शिव-पार्वती, एवढी मांडणी पक्की म्हणून सहलीला आलेले पोरगेही बरोबर ओळखते. यातला खरा रावण कोणता, असे आजवर कुणी विचारलेले ऐकिवात नाही.

विसंगती पकडल्याचा दावा करण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासाव्यात. माहिती संवादात आहे, पडद्यावर लिहिलेली आहे की निर्मात्यांच्या मुलाखतीतून आली आहे, हे आधी पाहावे. मुलाखतीला आम्ही पुरावा मानत नाही. मग प्रक्षेपणाची तारीख आणि कथेतली तारीख वेगवेगळी मांडावी. १९८२च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटातला खलनायक खान यानावरच्या चेकॉव या अधिकाऱ्याला कसा ओळखतो, हा आपल्याकडे आलेला प्रश्न याच घोटाळ्यातला. खानचा 'स्पेस सीड' दाखवला गेला फेब्रुवारी १९६७मध्ये आणि चेकॉव पडद्यावर आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणून १९८२ची ती ओळख चूक ठरवली जाते. पण 'स्पेस सीड'चा स्टारडेट, म्हणजे कथेतली तारीख सांगणारा आकडा, आहे ३१४१.९, तर चेकॉव असलेल्या 'कॅट्सपॉ'चा ३०१८.२. म्हणजे खान सापडला त्याआधीच चेकॉव यानावर होता, फक्त आपल्याला दिसला नव्हता. लेखकांनी हे ठरवून केले असेल असे मुळीच नाही. त्या काळी स्टारडेट अंदाजपंचेच टाकत. तरी आकडा आकडाच. आणखी एक : हे आकडे मूळ इंग्रजी आवाजात ऐकावेत. हिंदी डबिंगमध्ये ओठांशी जुळवताना पहिली कात्री तारखांवरच लागू शकते. शिवाय डबिंगचा आवाज मधेच बदलला, तर तोही कलाकार बदलणेच झाले. त्यावर मात्र एकही पत्र आलेले नाही.

शेवटी एक दुरुस्ती. कलाकार बदलण्याची खोड 'स्टार ट्रेक'ला २००९च्या चित्रपटापासून लागली, असे पुरवणीतल्या चौकटीत छापले आहे. यानाचा आधीचा कप्तान पाइक १९६४मध्ये चित्रित झालेल्या पहिल्या पायलटमध्ये (म्हणजे चाचणीच्या भागात) जेफ्री हंटर यांनी साकारला होता. नोव्हेंबर १९६६च्या 'द मेनॅजरी'त खुर्चीला खिळलेला, भाजलेला पाइक आहे तो शॉन केनी. म्हणजे पहिल्याच सीझनमध्ये, डॉक्टरचा चेहरा बदलल्यानंतर महिनाभराच्या आत. ब्रूस ग्रीनवूड (२००९) आणि अ‍ॅन्सन माउंट (२०१९) हे त्यानंतरचे. पुढील अंकात ही नावे सालांसह छापावीत, ही विनंती.

कळावे,
विज्ञानकथा-मालिकांचे काही जुने प्रेक्षक, परभणी